नऊ नंबरचा ओव्हर

ही घटना खरी आहे.

सगळेच असं म्हणतात, मला माहीत आहे. पण मला रचायचीच असती तर मी अमावास्येची रात्र घेतली असती, विजा घेतल्या असत्या, एखादं कुत्रं तरी रडवलं असतं. इथे यातलं काही नाही. इथे आहे सोलापूर, मे महिना, बुधवार, आणि दुपारचे दोनला दहा कमी. बाहेर चव्वेचाळीस. त्या उन्हात कुत्रंसुद्धा रडत नाही. रसवंतीच्या बाकाखाली पोट टेकून पडलेलं असतं.

घडलं ते माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत. वैजयंती तिचं नाव. घरी मी तिला ताई म्हणतो, इथे नुसतं नाव लिहितो. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, कारण ती अजून तिथेच आहे.

का आहे, तेच सांगायचंय.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वैजयंतीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष संपत आलं होतं. एवढ्या वर्षांत तिला एकच गोष्ट पक्की समजली होती, ती म्हणजे माणूस उभ्यानं झोपू शकतो.

शेवटी शेवटी हॉस्पिटल या मुलींना एक फॉर्म देतं. पुढे कोणत्या विभागात जायचं ते त्यावर लिहायचं. आयसीयू, ऑपरेशन थिएटर, लेबर रूम, डायलिसिस... यातला एक. लिहिला की त्याच विभागाचं ट्रेनिंग आणि दोन वर्षं तिथेच नोकरी. मध्ये बदल नाही. मेट्रन मॅडमनी वर्गात येऊन बजावलं होतं, “नवरा निवडताना चुकलात तर माहेरी जाता येतं. इथं ती सोय नाही.”

फॉर्म शनिवारी पाचच्या आत द्यायचा होता.

आयसीयूत वैजयंतीनं दोन महिने काढले होते. तिथल्या मॉनिटरचा आवाज तिच्या डोक्यात इतका भिनला, की एकदा पहाटे घरी कुकरची शिट्टी झाली तशी ती उठली आणि डोळे मिटूनच मावशीची नाडी बघायला लागली. ऑपरेशन थिएटरमध्ये सहा-सहा तास उभं राहून डॉक्टरांच्या हातात कात्र्या ठेवायच्या. एका दुपारी तिला तिथेच डुलकी लागली. दचकून डोळे उघडले तर हव्या त्या कात्र्या हव्या त्या क्रमानं देऊन झालेल्या होत्या. डॉक्टर “गुड” म्हणाले. त्या दिवशी ती स्वतःलाच घाबरली.

मावशीचं मत वेगळं होतं. “लेबर रूम घे की गं. लेकरू झालं की पेढं मिळत्यात.”

“पेढे डॉक्टरांना मिळतात, आई. मला शिव्या मिळतात.”

मग आली डायलिसिसची पोस्टिंग. शेवटची. आणि वैजयंती तिच्या प्रेमातच पडली.

किडनी काम करत नाही अशी माणसं तिथे येतात. आठवड्यातून दोन-तीनदा यायचं, चार तास यंत्राला जोडून घेऊन पडायचं, रक्त साफ झालं की उठून घरी. येताना वजन करायचं, जाताना वजन करायचं. अंगात साठलेलं पाणी किती निघालं ते त्यावरून कळतं. म्हणून त्यांना पाणीही मोजूनमापून, घोट-घोट. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की विभागाला कुलूप. रविवारी सुट्टी.

“तिथं ड्यूटी संपते, आई,” तिनं मावशीला समजावलं होतं.

“सगळीकडंच संपती की.”

“नाही. बाकी ठिकाणी शिफ्ट संपते. ड्यूटी मागोमाग घरी येते.”

तिला एवढंच हवं होतं. संपणारी ड्यूटी. फॉर्मवर तिनं मनातल्या मनात डायलिसिस लिहूनही टाकलं होतं.

आता तो बुधवार.

आदल्या दिवशी कुणीतरी आलं नाही म्हणून तिनं दोन शिफ्ट लागोपाठ केल्या होत्या. झोप चार तास. कुंभारीहून सातजणांच्या रिक्षात आठवी बसून ती आली. दुसऱ्या मजल्यावर पोहोचली तेव्हा एसी बंद पडलेला होता. आठ बेड, आठ पेशंट, आठ यंत्रांची घरघर. सगळे पेशंट गुंगीत. भिंतीवरचा पंखा गरम हवा इकडून तिकडे नेऊन टाकत होता.

टेबलापाशी एक सिस्टर उभ्या होत्या.

पांढरी साडी नव्हती. मोकळे केस नव्हते. केस जाळीत बांधलेले होते, कारण हॉस्पिटलात तसा नियम असतो. चष्मा. पन्नाशीच्या आतबाहेर. छातीवर पिनेनं लावलेलं घड्याळ, आणि ते घड्याळ बरोबर चालत होतं. वैजयंतीनं वेळ त्यातच बघितली.

“दुपारच्या तुम्ही ना?” सिस्टर म्हणाल्या. “चला, ओव्हर देते.”

ओव्हर म्हणजे काय, ते सांगायला हवं. सगळी गोष्ट त्यावरच आहे.

शिफ्ट बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला प्रत्येक बेडपाशी नेते. कोण, काय दुखतंय, काय दिलं, काय द्यायचंय, सगळं सांगते. याला ओव्हर देणं म्हणतात. मग वही. एका बाजूला ‘दिला’, दुसऱ्या बाजूला ‘घेतला’, दोन सह्या. ‘घेतला’वर सही झाली की पेशंट तुमचा. आणि ती सही होत नाही तोवर जाणारीनं विभागाबाहेर पाऊल टाकायचं नाही. घर जळत असलं तरी नाही.

सिस्टर पहिल्या बेडपासून सुरू झाल्या.

“एक नंबर. नारायणकाका, बार्शीचे. एसटीत कंडक्टर होते. पायात गोळे येतात, पण दुखतंय म्हणून कबूल करत नाहीत. चिडचिड वाढली की समजायचं. दोन नंबर. उजवा हात हलवू द्यायचा नाही. तीन नंबरच्या बाईंना मुलगा भेटायला आला नाही. विषय काढू नका.”

असं एकेक. हळू, स्वच्छ आवाजात. कुठे काही राहिलं नाही. इतका व्यवस्थित ओव्हर वैजयंतीला आजवर कुणीही दिला नव्हता.

शंका खरं तर तिथेच यायला हवी होती.

आठवा बेड झाला. सिस्टर आणखी चार पावलं पुढे गेल्या. वैजयंती मागोमाग. डोळे जड, मान आपोआप हलतेय.

“आणि नऊ नंबर...” सिस्टर म्हणाल्या.

“हं.”

“जोतीराम. जेऊरचे. रेल्वेनं येतात, त्यामुळं उशीर होतो. बरोबर कुणी नसतं. पाणी मागतात. द्यायचं नाही, पण ओरडायचंही नाही. समजावून सांगितलं की ऐकतात.”

“हं.”

“घेतला ना?”

“घेतला, सिस्टर.”

वैजयंतीनं वहीवर सही केली.

सिस्टरनी वही मिटली. बराच वेळ वैजयंतीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या,

“आलीस गं बाई एकदाची.”

टेबलाखालची डब्याची पिशवी उचलली आणि जिना उतरून गेल्या. ड्यूटी सुटलेल्या सिस्टरची एक चाल असते. पाय दुखत असतात, तरी भरभर. तशा.

पाचच मिनिटांनी बाथरूमचं दार उघडलं आणि तोंड पुसत मालती सिस्टर बाहेर आल्या. सकाळची ड्यूटी त्यांचीच असायची. वीस वर्षांच्या नोकरीच्या, विभागात सगळ्यांत जुन्या.

“चल गं वैजयंती, ओव्हर देते. माझी बस जाईल.”

“झाला की मॅडम. घेतला मी.”

“कुणी दिला?”

“त्या दुसऱ्या सिस्टर होत्या ना. चष्म्याच्या.”

मालती सिस्टर टेबलापाशी आल्या. वही उघडली. वाचली. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

“याच्यावर पण सही केलीस?”

“सगळ्यांची मिळून एकच असते ना मॅडम?”

मालती सिस्टरनी वही मिटली. पर्स घेतली आणि निघाल्या. चहा सांगून ठेवला होता, तोही घेतला नाही.

अडीच वाजले असतील.

विभागाच्या दारात पेशंटचं वजन करायचा काटा आहे. आकडे दाखवणारा. वर कुणी उभं राहिलं तरच उजळतो. वैजयंती कापूस आणायला दारापर्यंत गेली, तर...

काटा चालू होता.

५२.४

वर कुणी नव्हतं.

“गुरुशांत,” तिनं हाक मारली. गुरुशांत म्हणजे यंत्रं सांभाळणारा टेक्निशियन, अक्कलकोटचा. त्यानं मान तिरकी करून आकडा बघितला.

“व्होल्टेज आहे ओ मॅडम.”

गुरुशांतच्या मते जगात जे काही होतं ते व्होल्टेजमुळे होतं. त्याचं पहिलं लग्न मोडलं तेही.

आकडा विझला. दोघं आत आले. गुरुशांत खुर्चीत कलंडला.

आणि मग...

“सिस्टर... पाणी.”

दमलेला, कोरडा, पुरुषाचा आवाज. वैजयंतीनं चार नंबरकडे बघितलं. झोपलेले. सहा नंबर, झोपलेले. ती एकेका बेडपाशी जाऊन आली. आठही पेशंट झोपेत. पुरुष चारच, आणि चौघांचीही तोंडं मिटलेली.

“सिस्टर... जरासं पाणी.”

एक नंबरवरून नारायणकाका बोलले. डोळे न उघडता, झोपेतच.

“नवाकडं बघ की पोरी. मगापसनं हाका मारतोय त्यो.”

ती गेली. दमलेली सिस्टर ‘बघ’ म्हटलं की बघते, आधी विचार करत नाही. आठव्या बेडच्या पुढे चार पावलं. आवाज तिथूनच येत होता, समोरून, जवळून.

“नाही मिळणार पाणी,” ती म्हणाली. “बावन्न चारशे झालंय वजन तुमचं. दोन दिवसांत एवढं वाढवून कसं चालेल? थोडा धीर धरा. बर्फाचा खडा देते नंतर.”

“बरं,” आवाज म्हणाला.

आणि थांबला.

वैजयंती वळली. दोन पावलं आली. तिसरं पाऊल तिला टाकता येईना.

ती ज्याच्याशी बोलली होती ते दार होतं. लाकडी, बाहेरून कुलूप लावलेलं. आत डायलिसिसच्या द्रावणाचे कॅन ठेवायची खोली.

तिनं बेड मोजले. आठ.

परत मोजले.

आठ.

पाच वाजता बॅच सुटली. वजन करून, चपला घालून सगळे गेले. जाताना तिनं नारायणकाकांना गाठलं.

“काका, मघाशी तुम्ही काय म्हणालात? नऊ नंबर?”

“मी? मी कशाला काय म्हणू? झोपलो हुतो की मी.” आणि मग चिडून, “हितं नऊ नंबर हाय तरी का?”

पायात गोळे आले होते त्यांच्या.

साडेसहा वाजता गुरुशांतनं आठही यंत्रं धुऊन बंद केली. भिंतीवरचं मेन बटण खाली पाडलं. पंखा थांबला, दिवे गेले. खिडकीतून उन्हाचा पिवळा पट्टा तेवढा जमिनीवर.

शांत व्हायला हवं होतं.

पण...

एका यंत्राची घरघर चालूच होती.

गुरुशांत उभा राहिला. एकेका यंत्राला हात लावून बघितला. थंड. थंड. थंड. आठही थंड.

“व्होल्टेज?” वैजयंतीनं विचारलं.

“मेन बंद आहे ओ मॅडम,” तो अगदी हळू म्हणाला. तिला तो पहिल्यांदाच एवढा हुशार वाटला.

त्यानं खोलीचं कुलूप काढलं. दार ढकललं. तत्क्षणी घरघर थांबली. आत छताला टेकतील असे कॅन रचलेले होते, तिन्ही भिंतींना. मधे मात्र एक आयताकृती जागा मोकळी. बेडएवढी. बाकी सगळीकडे बोटभर धूळ होती. त्या आयतात नव्हती.

दोघं बाहेर निघाले. दारातला काटा...

५०.१

दोन किलो तीनशे ग्रॅम पाणी निघालं होतं. बरोबर चार तासांत. पुस्तकात लिहिलंय तसं, उत्तम डायलिसिस.

फक्त माणूस नव्हता.

गुरुशांतनं दुसऱ्या दिवशी पोट बिघडल्याचा निरोप पाठवला आणि आठवडाभर अक्कलकोटहून परत आला नाही.

गुरुवारी दुसरी बॅच असते; सोमवार-बुधवार-शुक्रवारचे पेशंट वेगळे. तेव्हा काही झालं नाही. वैजयंतीनं वही मात्र काढून बघितली. बुधवारचं पान. तिची सही निळीभोर, ताजी. शेजारचं सगळं अक्षर, आठ बेड, मग खाली ‘९ – जोतीराम – पाणी मागतात, समजावणे’, आणि ‘दिला’वरची सही... तपकिरी. पुसट. कितीतरी वर्षांपूर्वी लिहिल्यासारखी.

कागद या महिन्याचा होता.

घरी येऊन तिनं फॉर्म काढला आणि त्यावर ‘लेबर रूम’ लिहिलं. मावशीला रडू आलं, आनंदानं.

शुक्रवारी ती तासभर आधीच गेली आणि औषधांच्या खोलीत मालती सिस्टरना गाठून दार लावून घेतलं.

“मॅडम, त्या कोण होत्या?”

मालती सिस्टर बराच वेळ एक रिकामं खोकं घडी करत बसल्या.

“वच्छला सिस्टर,” शेवटी त्या म्हणाल्या. “अकरा वर्षं झाली जाऊन.”

गोष्ट लहान होती. असाच मे महिना. कॅनच्या त्या खोलीत तेव्हा नववा बेड होता. वच्छला सिस्टर सकाळी सातला आल्या. दोनला सुटायच्या, पण दुपारची सिस्टर आली नाही. फोन लागेना. मग दुपारही त्यांनीच केली. जेऊरचा जोतीराम त्या दिवशी फार उशिरा पोहोचला, त्याचं सगळं होईस्तोवर साडेनऊ झाले. ओव्हर घ्यायला कुणी नव्हतंच. त्या घरी जाऊन आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.

“आणि जोतीराम?”

“शुक्रवारी आला. बाई गेल्या म्हणून कळलं तसा काट्यावरून उतरला. म्हणाला, त्या आल्यावर करतो. लोकांनी समजावलं. ऐकलं नाही. परत जेऊरला गेला. पुढच्या आठवड्यात तो गेल्याचा निरोप आला.”

वैजयंतीनं विचारलं, “दुपारची सिस्टर का आली नाही?”

मालती सिस्टरनी खोक्याची आणखी एक घडी घातली. ती आता आगपेटीएवढी झाली होती.

“भाचीचं लग्न होतं गं, बार्शीला. रजा मंजूर नव्हती. फोन बंद करून ठेवला मी.”

बाहेर यंत्रांची घरघर चालू होती.

“अकरा वर्षं रोज दोनच्या आधी येतात त्या,” मालती सिस्टर म्हणाल्या. “आठ झाले की म्हणतात, आणि नऊ नंबर. मी म्हणायचे, वच्छलाताई, आठच बेड आहेत. त्या जागच्या हलत नाहीत. नुसत्या बघतात. शेवटी मी दुपार सोडून सकाळची ड्यूटी घेतली आणि दोन वाजत आले की बाथरूममध्ये जाऊन बसायला लागले. दुसऱ्या पोरी तरी बेड मोजायच्या. तू नाही मोजलेस.”

“परवापासून?”

“काल आल्या नाहीत. पहिल्यांदाच.” आणि मग, कसंनुसं हसून, “सुटल्या गं.”

वैजयंतीला वच्छला सिस्टरचं काही वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. पण हे सगळं आपल्या अंगावर आलंय हे तिला आता नीट कळलं.

“मग मी तुम्हाला देते ओव्हर. आत्ता. तुम्ही घ्या, मॅडम. मूळ तुमचाच होता.”

मालती सिस्टरनी तिच्याकडे बघितलं. डोळे भरले होते. मान मात्र हलली नाही.

“आठच बेड आहेत गं बाळ,” त्या म्हणाल्या, आणि दार उघडून गेल्या.

अडीचला काटा उजळला.

५१.९

वैजयंती दारात उभीच होती. आज ती झोपून आली होती, टक्क जागी होती. तिनं डोळे फाडून बघितलं. काट्यावर काही नव्हतं. पण काट्याभोवतीच्या फरशीवर उन्हाची तिरीप पडली होती, आणि त्या तिरिपीत लाल मातीचे दोन ठसे होते. चपलांचे. स्टेशनवरून चालत आल्यासारखे.

एवढ्या उन्हात.

घाबरली होतीच ती. तरी तिच्या मनात पहिलं काय आलं असेल? हा रिक्षा का करत नाही.

“सिस्टर... पाणी.”

तिनं फ्रीजमधून बर्फाचा एक खडा काढला. स्टीलच्या वाटीत ठेवला. बुधवारी कबूल केलं होतं ना. खोलीचं कुलूप काढून दार वीतभर उघडलं, वाटी आत सरकवली आणि दार लावून घेतलं. दाराला पाठ लावून उभी राहिली. आतून... खडा दातावर वाजल्याचा आवाज आला. एकदाच.

पाच मिनिटांनी वाटी बाहेर काढली.

बर्फ वितळला असता तर तळाशी पाणी तरी राहिलं असतं. वाटी कोरडी होती. पुसल्यासारखी.

शनिवारी साडेचारला वैजयंती मेट्रनच्या ऑफिसबाहेर बसली होती. हातात फॉर्म. पहिली पसंती, लेबर रूम. आत जायचं, द्यायचा, की सुटली. दोन मजले खाली, वेगळं दार, वेगळा जिना. पुन्हा त्या कुलपापुढे उभं राहायचं कारण नाही.

भुताटकीच्या गोष्टीत माणूस इथे पळून जातो. पळावंसं तिलाही वाटत होतं. पण सोमवार तिच्या डोळ्यांसमोर येत होता. अडीचला काटा उजळणार. पाणी म्हणून हाक येणार. समोर कुणीही नसणार. तो परत काट्यावरून उतरणार, म्हणणार, त्या आल्यावर करतो. आणि पेशंट तर तिनं घेतलेला. सही केलेली. ओव्हर न देता विभाग सोडायचा नाही, हे तीन वर्षं रोज कानावर पडलेलं. ते तिच्या हाडात गेलं होतं. नको असतानाही.

तिला रडायचं होतं. त्याचंही त्राण नव्हतं.

तिनं पेन काढलं, ‘लेबर रूम’ खोडलं आणि वर ‘डायलिसिस’ लिहिलं.

“खाडाखोड चालत नाही,” मेट्रन मॅडम म्हणाल्या. “नवीन फॉर्म भर.”

तिनं नवीन भरला. पुन्हा विचार करायची संधी देव अशी फॉर्मच्या रूपानं देतो. तिनं पुन्हा डायलिसिसच लिहिलं. खाली ‘कारण’ म्हणून रकाना होता. त्यात लिहिलं, ‘पेशंट माझ्याकडे आहे.’

मेट्रन मॅडमनी चष्मा वर करून वाचलं.

“अशी भावना हवी,” त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला.

इथपर्यंत ताईनं मला स्वतः सांगितलंय. तेव्हा ती हसत नव्हती.

दोन वर्षं झाली. ती सोमवार, बुधवार, शुक्रवार एकही रजा घेत नाही. तापात गेली. आप्पांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, डोळ्याचं ऑपरेशन होतं त्या दिवशीही गेली. सगळे म्हणतात, पोरगी कामाला वाघ आहे. मालती सिस्टरनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. आणि या डिसेंबरात ताईचं लग्न आहे. मुलगा पुण्याचा, चांगला आहे. तिला सोलापूर सोडावं लागणार.

म्हणजे कुणालातरी ओव्हर द्यावा लागणार.

शिकाऊ मुली येतात. ती दोनच्या सुमारास त्यांना बेडपाशी नेते. आठ झाले की पुढे चार पावलं जाते. एकीनं विचारलं, “मॅडम, नऊ कुठाय?” दुसरी सरळ मागे फिरून मोजायला लागली.

“आजकालच्या मुली फार झोपून येतात,” ताई तक्रार करते.

माझी एक धाकटी बहीण आहे. संस्कृती. ताईला बघून बघूनच ती नर्सिंगला गेली. तिचं आता शेवटचं वर्ष. त्याच हॉस्पिटलात. तिला फॉर्म मिळालाय.

गेल्या रविवारी आम्ही सगळे कुंभारीला मावशीकडे जेवायला होतो. धपाटी, दही, शेंगाचटणी. संस्कृतीचं फॉर्मचंच चाललं होतं. आयसीयू घेऊ की ऑपरेशन थिएटर, आणि मला काहीच ठरवता येत नाही, आणि मी इतकी दमलेय की काय सांगू.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. फार मायेनं. मग म्हणाली, “दुपारच्या ड्यूटीला डोळे मिटतात का गं तुझे?”

“ताई, विचारूच नको,” संस्कृती म्हणाली. “दुपारी मला काही म्हणजे काही सुधरत नाही. कुणी काहीही सांगितलं ना, तरी मी नुसती हो हो म्हणत सुटते.”

मी ताईकडे बघितलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं हात पुढे केला आणि संस्कृतीच्या ताटात आणखी एक धपाटं वाढलं.